सन्मानचिन्हे परत करण्याबाबत

रुक्मिणीनगर, अमरावती
३ मार्च २०२५

विषय : समाजाने दिलेली दोन सन्मानचिन्हे परत करण्याबाबत.

चि. ललित,

वर 'चि.' लिहिलं ते हाताच्या सवयीनं. पाटबंधारे खात्यात मुख्य लिपिक म्हणून आयुष्य गेलं, मायना आपोआप उमटतो. त्यात प्रेम शोधत बसू नकोस.

काल तुझ्या आईचा फोन आला. रडत होती. तू नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरलास म्हणाली. "दादा, तू त्याले फोन करून समजाव ना." आता रागिणीला कसं सांगू, की तू बॅग उचलून माझ्या घरातून गेलास त्याच संध्याकाळी राजापेठेतल्या मोबाईलच्या दुकानात जाऊन मी तुझा नंबर ब्लॉक करून घेतला आहे. तो पुन्हा उघडायचा कसा हे मला येत नाही, आणि त्यासाठी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढण्याची माझी इच्छा नाही. म्हणून पोस्टानं लिहितो.

नात्यातल्या एकूण एक पोराचा ऑप्शन फॉर्म मी भरलेला आहे. बारावीचा निकाल लागला की भांग पाडून, पेढ्यांचा पुडा देऊन पोराला माझ्या दारात आणतात. कोणतं कॉलेज वर टाकायचं, कोणतं खाली, कुठली शाखा चालते, ते चंद्रभानमामाला विचारायचं. त्यातली पोरं आज पुण्यात, हैदराबादेत बसून गाड्या बदलत आहेत. कुणी परत आलं नाही. कॉलेज अर्ध्यात सोडणारा तू पहिला. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घे असं मीच सांगितलं होतं, डॉक्टर आणि इंजिनिअर अशी दोन्ही दारं उघडी राहावीत म्हणून. तू भिंतीला भोक पाडून बाहेर गेलास.

ते असो. मुद्दा सन्मानचिन्हांचा. गुणगौरव समितीचा अध्यक्ष या नात्यानं गेल्या वर्षी व्यासपीठावर तुला शाल पांघरताना मी माईकवरून 'भावी अभियंता' असं म्हटलं, आणि सन्मानचिन्हावर तसं कोरलेलंही आहे. दहावीचं वेगळं, त्यावर 'उज्ज्वल तारा' आहे. खाली चांगला जाड सागवानी ठोकळा आहे, असली वस्तू आता मिळत नाही. दोन्ही समितीकडे जमा करावीत. पाटी बदलून लायक मुलाला देता येतील. तुझ्या कपाटात ती दिसली नाहीत, म्हणजे तू नेलीस. रुग्णांची घाण काढायला जाणाऱ्यानं ती कशासाठी न्यावीत, हे मला समजलेलं नाही.

मामीची काळजी करू नये. तिचं सगळं करायला ब्युरोतून जाईबाई नावाची बाई ठेवली आहे. अनुभवी आहे. सगळं ठणठणीत चाललं आहे.

चंद्रभान काळमेघ
अध्यक्ष


कौलखेड, अकोला
९ मार्च २०२५

ती. मामा,

नमस्कार कागदावरच घ्या, प्रत्यक्ष करायला तुम्ही जागा ठेवली नाही. निघताना तुम्ही ओरडलात, "या घराची पायरी चढलास तं तुह्या मामीची शपथ हाय." माझा शपथेवर विश्वास नाही. पण मामीचा आहे, आणि ती आतल्या खोलीत ऐकत होती. त्यामुळे मी येणार नाही.

आधी कॉलेजचं सांगतो. तुम्ही माझ्या फॉर्मवर पहिल्या नंबरला टाकलेलं ते कॉलेज म्हणजे रंग दिलेलं गोदाम आहे. जे सर आम्हाला प्रोग्रामिंग शिकवायचे ते स्वतः दोन वर्षांपूर्वी तिथूनच कसेबसे पास झालेले. ते पडद्यावरचं वाचायचे, आम्ही ते उतरवून घ्यायचो, आणि याला प्रॅक्टिकल म्हणायचे. नागपूरची दोन बरी कॉलेजं त्या फॉर्मवर खाली होती. पहिल्या पसंतीचं मिळालं की खालच्यांचा प्रश्नच उरत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. ते गोदाम पहिलं का होतं हेही मला आता ठाऊक आहे. ते तुमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. तुमचा मुलगा दुबईत, आणि घरात दळण आणायला, गॅसचा नंबर लावायला कुणीतरी पाहिजे होतं.

मी पहिल्या सेमिस्टरला चार विषयांत नापास आहे. कॉलेजनं तुम्हाला कळवलं नसेल तर मी कळवतो. परीक्षा डिसेंबरात होती. दिवाळीनंतर मामीला लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळताना ठसका लागायला लागला. डिसेंबरात तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, कपडे बदलणं हे त्या घरात कुणीतरी करत होतं. तुम्ही गॅलरीत पेपर वाचत असायचात, त्यामुळे कोण ते तुमच्या लक्षात आलं नसेल.

आणि त्या फेब्रुवारीतल्या रविवारबद्दल. तुमच्या समितीचे लोक बैठकीत बसले होते. मी मामीचं शौचाचं भांडं घेऊन न्हाणीघराकडे निघालो. एकानं विचारलं, "हा कोन हाय जी?" तुम्ही म्हणालात, "ब्युरोचा पोरगा हाय. कामाले ठेवला." त्याच माणसानं जूनमध्ये माझ्या गळ्यात हार घातला होता. शाल काढली की तुमच्या लोकांना चेहरा ओळखू येत नाही. मामा, मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला तुमची कीव आली.

मग विचार केला, कामाचाच पोरगा ठरलो आहे तर ते काम नीट शिकून घ्यावं. मला ते येतं. चार महिन्यांत मामीच्या अंगावर एक डाग पडला नाही. कॉम्प्युटरचं मला काय येतं हे कॉलेजनं लेखी कळवलेलंच आहे.

सन्मानचिन्हं मी आणली नाहीत. ती घरातच आहेत. मामीच्या खाटेच्या डोक्याकडचे दोन पाय बघा. जेवताना तिचं डोकं उंच राहिलं पाहिजे, नाहीतर घास श्वासनळीत जातो. मी विटा लावून पाहिल्या, खाट डगमगायची. तुमचे ठोकळे चपखल बसले. वरचे पितळी पंख स्क्रू काढून तुमच्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत. तुमच्या समितीनं आजवर जेवढी सन्मानचिन्हं वाटली, त्यातली एवढी दोनच कुणाच्या उपयोगाला आली असतील. परत हवी असतील तर आधी तेवढ्याच उंचीचे दुसरे ठोकळे आणा, मगच काढा.

एक काम तुमच्याकडे आहे. माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्या गोदामानं ठेवून घेतला आहे. नव्या प्रवेशाला तो लागतो. पालक म्हणून तिथे तुमची सही असल्यामुळे तो तुमच्याशिवाय कुणाला देत नाहीत. आणून द्या. दाखला नाही तर प्रवेश नाही, मग माझं हेही वर्ष गेलं.

ललित


अमरावती
२१ मार्च २०२५

ललित,

गुडघा धरून खाली वाकलो आणि पाहिलं. डावीकडे 'भावी अभियंता', उजवीकडे 'उज्ज्वल तारा'. समाजानं दिलेल्या सन्मानावर तू खाट उभी केलीस. तुझ्या पिढीला लाज नाही हे मी भाषणांतून सांगत असतो, आता दाखवायला नमुना मिळाला. सुताराला ठोकळे सांगितले आहेत. तो लग्नसराईच्या पलंगांत अडकला आहे, आला की तुझी कलाकुसर काढून टाकण्यात येईल.

फेब्रुवारीतल्या त्या गोष्टीवर तू अर्धं पान खर्च केलंस. मी तुला ब्युरोचा म्हणालो ते तुझ्याच भल्यासाठी. काळमेघांचा इंजिनिअर भाचा घरात भांडी काढतो असं समाजात पसरलं असतं तर उद्या तुला मुलगी कोणी दिली असती? तुला आता ती अडचण राहिली नाही म्हणा. पुरुष नर्सला मुलगी मिळत नाही, त्यामुळे विचारायला कुणी येणारच नाही.

दाखल्याचं विसर. तुझ्या भाषेतल्या त्या 'गोदामा'चे प्राचार्य दरवर्षी आमच्या व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसतात. त्यांच्यासमोर जाऊन मी काय सांगू? आमच्या पोराला सी प्लस प्लस नको, बेडपॅन पाहिजे? या वयात मला ते जमणार नाही.

जाता जाता एक. मामीला कुशीवर वळवलं की ती ओरडते. जाईबाई म्हणते, "त्यायले सवय लागली जी ओरडाची." तू वळवायचास तेव्हा ओरडत नव्हती, असं शेजारच्या लीलाबाईंचं म्हणणं आहे. मी काही विचारत नाही. लीलाबाईंचं म्हणणं फक्त कळवतो.

चंद्रभान काळमेघ


अकोला
२७ मार्च २०२५

ती. मामा,

लीलाबाईंना माझा निरोप सांगा.

त्यांना सांगा, की मामीचा उजवा हात धरून तिला ओढायचं नाही. त्या हातात आता जोर नाही, तो नुसता खांद्याला लटकलेला आहे, ओढला की खांदा दुखतो, म्हणून ती ओरडते. ओरडायची सवय कुणाला नसते. आधी तिचा गुडघा वाकवायचा, मग एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे घालून अख्खं अंग एकदम फिरवायचं. उजव्या कुशीवर आली की उजवा खांदा अंगाखाली दबू द्यायचा नाही, हलकेच पुढे घ्यायचा. हाताखाली उशी. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. दर दोन तासांनी कूस. रोज पाठ आणि कंबर उजेडात बघायची. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून पांढरा पडला नाही, तर त्या जागेवर पुन्हा झोपवायचं नाही. जाईबाई मोबाईल बघत बसत असेल तर तो काढून घ्यायचा. हे सगळं लीलाबाईंनी करायचं आहे. तुम्हाला गॅलरीतून उठायचा त्रास नको.

माझ्या लग्नाची काळजी वाटली, बरं वाटलं. ज्या मुलीला भांडं उचलणारा नवरा चालत नाही तिच्या घरात कुणीच कधी आजारी पडणार नाही असं दिसतं. अशा नशीबवान घरात माझं कामही नाही.

सीईटी एप्रिलमध्ये आहे. सेंटर अकोल्यातच आहे. दाखला लागेल, हे पुन्हा लिहितो.

ललित


अकोला
२० जून २०२५

ती. मामा,

एप्रिल गेला, मे गेला, तुमचं उत्तर नाही. लीलाबाईंना लिहिता येत नाही काय?

निकाल चांगला लागला. नागपूरच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात नंबर लागेल इतके गुण आहेत. बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण दुकानातल्या गिऱ्हाइकांना 'पोरगा मेडिकल लाईनले चालला' असं सांगतात. तुमचेच मेहुणे शोभतात.

आईनं गेल्या आठवड्यात तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, मामी ठणठणीत आहे. मार्चमध्येही हाच शब्द होता. लकवा झालेली बाई ठणठणीत नसते, मामा. बरी असते, सुधारत असते, तशीच असते. ठणठणीत म्हणजे तुम्ही काहीतरी लपवता आहात. सरकारी फायलीत खड्डा असला की तुम्ही लोक असंच लिहिता.

फॉर्म भरायची तारीख जवळ आली. खरं काय ते कळवा, आणि दाखला पाठवा.

ललित


अमरावती
२८ जून २०२५

ललित,

नर्सिंगला गुण लागतात ही माहिती नवीन मिळाली. अभिनंदन करायला मला रकाना सापडत नाही. यंदाच्या गुणगौरवाच्या अर्जात डॉक्टर, अभियंता आणि वर्ग एक अधिकारी असे तीन रकाने आहेत. इतर असा चौथा आहे, त्यात आपण नृत्य आणि कॅरम टाकतो. पाहिजे तर तिथे तुझं नाव घालतो.

जाईबाईला काढली. कारण तुला सांगण्याचं कारण नाही. ब्युरोनं दुसरी पाठवली, ती दोन दिवसांत पळाली. तिसरी येणार आहे.

आणखी एक. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी असाच पेशंट आहे. त्या पेशंटच्या कमरेखाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम झाली आहे, कडा काळपट आहेत. तिथे कुणी पावडर मारतं, कुणी हळद लावा म्हणतं. काय करावं असं ते मला विचारत होते. त्यांचं नाव मला देता येत नाही. उत्तर लवकर पाठवलंस तर त्यांना कळवतो.

दाखल्याबाबत माझं मत बदललेलं नाही.

चंद्रभान काळमेघ


अकोला
१ जुलै २०२५

मामा,

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना सांगा की ते महामूर्ख आहेत.

पावडर नाही, हळद नाही, काहीही नाही. पत्र हातात पडेल त्याच दिवशी सर्जनला दाखवा, उद्यावर टाकू नका. त्या जागेवर पेशंटचं वजन एक मिनिटही येऊ देऊ नका. हवा भरायची गादी मेडिकलच्या दुकानात मिळते, ती आणा. काळपट कडा एका दिवसात होत नाहीत. आधी तो लाल डाग होता, आणि तो कसा दिसतो हे मी मार्चमध्ये लिहून पाठवलं होतं. तुमचे गृहस्थ रोज पेपर वाचत असतील, पत्र वाचायला त्यांना सवड झाली नसेल.

माझ्या चार महिन्यांत तिच्या अंगावर डाग नव्हता. एवढंच लिहितो, पुढचं लिहिलं तर आईनं शिकवलेलं सगळं विसरावं लागेल.

आता ऐका. फॉर्म यावेळी मी भरतो आहे. तुमच्या घरामागच्या रस्त्यावर मिठाईच्या दुकानावर एक नर्सिंग कॉलेज आहे. वर्गात जिलबीचा वास येतो आणि त्यांच्या मुलांना महिन्यातून चार दिवससुद्धा वॉर्ड बघायला मिळत नाही. हे मला पूर्ण माहीत आहे. मी तेच पहिल्या नंबरला टाकणार आहे, नागपूर दुसऱ्या. पहिलं लागलं की दुसरं गेलं, ही विद्या तुमचीच. ब्युरोच्या बायका पळतात, मी पळणार नाही. समितीचे लोक आले तर पुन्हा सांगा, कामाला ठेवला आहे म्हणून. मला आता त्यानं काही होत नाही.

शपथेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. घातली तुम्ही, मोडावी लागली तर मोडेन.

आणि दाखला आणून ठेवा. तो नसेल तर मिठाईवालेसुद्धा मला घेणार नाहीत.

ललित


अमरावती
१९ जुलै २०२५

चि. ललित,

यावेळचं 'चि.' विचार करून लिहिलं आहे. फार मनावर घेऊ नकोस.

गृहस्थांनी त्याच दिवशी सर्जनला दाखवलं. सर्जननं गृहस्थांना बायकोसमोर इतकं झापलं की तुझं पत्र त्यापुढे प्रेमपत्र वाटावं. काळा भाग कापून काढला. आता आतून लाल मांस भरून येतं आहे, ते चांगलं लक्षण आहे म्हणतात. हवेची गादी आणली. ती रात्रंदिवस घुर्रघुर्र आवाज करते, झोप लागत नाही.

ब्युरोची तिसरी आलीच नाही. चौथी मी बोलावली नाही. मीच करतो. तू कसं करायचास ते मी गॅलरीतून कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मार्चचं पत्र समोर भिंतीवर टाचणीनं लावलं आहे. अंग पुसताना निम्मं पाणी गादीवर सांडतं. वळवताना माझीच कंबर धरते. पहिल्यांदा कपडे बदलले तेव्हा बाहेर जाऊन ओकलो, ते तुझ्या मामीला ऐकू गेलं. परवा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती सलग तीन शब्द बोलली. मी वाकून ऐकलं. म्हणाली, "तुमाले जमत नाई." तिची वाचा परत आली ती हे सांगायला.

तुझा दाखला सोबत आहे. तीन चकरा मारायला लावल्या. पहिल्यांदा कारकून नव्हता, दुसऱ्यांदा शिक्का नव्हता. बाकी जन्मभर मी हेच लोकांशी केलं असल्यामुळे मला सगळ्या युक्त्या माहीत होत्या. तिसऱ्यांदा सरळ प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसलो. ते म्हणाले, "काळमेघसाहेब, कॉम्प्युटर सोडून पोरगा जाते कुठं?" मी म्हणालो, "नर्सिंगले." ते हसले. दात फार वाईट आहेत त्यांचे, मधल्या खुर्चीवर बसतात तेव्हा लांबून दिसत नाहीत. म्हणालो, "साहेब, उद्या तुमी खाटेवर पडसान तवा तुमाले इथला कोन इंजिनिअर पालटवणार हाय ते सांगा, मी पोराले परत आणतो." शिक्का लगेच सापडला. सोबत कॉलेजनं आपलाही एक दाखला जोडला, त्यावर वर्तणूक 'चांगली' असं लिहिलं आहे. ते लोक तुला ओळखत नाहीत, म्हणून मी हरकत घेतली नाही.

आता फॉर्म. पहिल्या नंबरला नागपूर टाकायचं. मिठाईवाल्याचं नाव पहिल्या, दुसऱ्या किंवा शेवटच्याही नंबरला टाकायचं नाही. मागचं गोदाम माझ्या घराजवळ म्हणून वर टाकलं, असं तू लिहिलंस. त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण एकाच घरासाठी दोनदा भलतं कॉलेज घेणारा माणूस मी कुठल्याच रकान्यात बसवू शकत नाही, कॅरमच्याही नाही. तू इथे राहायला आलास तर तुझी मामी मला पुन्हा गॅलरीत पाठवील, आणि मी जाईन. मला माझा भरवसा नाही. म्हणून तू येऊ नकोस. तिकडे जा आणि जे इथे अंदाजानं करायचास ते नीट शिकून घे. ही काही विनंती नाही.

गेल्या रविवारी समितीचे तेच लोक सोहळ्याची पत्रिका घेऊन आले. बेल वाजली तेव्हा मी आतून तुझ्या मामीचं भांडं घेऊन निघालो होतो. ठेवायला जागा दिसली नाही, तसंच हातात धरून दार उघडलं. तिघंही दोन पावलं मागे सरकले. एक म्हणाला, "अध्यक्षसाहेब, वैनीसाठी मानूस नाई भेटला काय?"

मी म्हणालो, "भेटला होता. भाचा हाय माह्या. त्याले शिकाले धाडला."

रविवारी येऊन जा, संध्याकाळच्या बसनं परत जायचं. शपथ तिच्या नावाची होती म्हणून तिलाच विचारलं. बराच वेळ ओठ हलवत होती, मग म्हणाली, "सुटली."

तुझा मामा

ता. क. : सुताराचे ठोकळे आले. बोटभर कमी भरले, मामीला पुन्हा ठसका लागला. सबब दोन्ही सन्मानचिन्हे कामावर असल्यामुळे परत करता येत नाहीत, असं समितीला लेखी कळवलं आहे.